‘सांगतील तिथे सही करा’ हा सल्ला घातक आहे

‘लेखा विभागातल्या नव्या मुलांनी संघटनेच्या नादी लागू नये’ असा एक लांबलचक मेसेज ठाण्या-बेलापूरच्या ऑफिस ग्रुपांवर फिरतोय. माझी भाची नुकतीच सरकारी कार्यालयात कनिष्ठ लेखापाल म्हणून लागली. कर्मचारी संघटनेचा अर्ज तसाच ठेवून तिने मला विचारलं, “मामा, खरंच नोकरी जाते का रे?” आता मात्र गप्प बसवेना. मेसेजातला एकेक मुद्दा घेतो.

‘सरकारी नोकराने संघटनेत राहणं बेकायदा आहे.’ साफ खोटं. हा प्रश्न मुंबईतल्या एका लेखा कर्मचाऱ्यानेच सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. ई. एक्स. जोसेफ हे महालेखापाल कार्यालयातल्या अराजपत्रित कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे सचिव. १९५९ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या अखिल भारतीय संघटनेची मान्यता काढून घेतली, तरी त्यांनी पद सोडलं नाही, म्हणून कारवाई सुरू झाली. १९६२ मध्ये न्या. गजेंद्रगडकरांनी निकालात सांगितलं की, मान्यता नसलेल्या संघटनेत राहू नका असं बजावणारा केंद्राच्या वर्तणूक नियमांतला नियम ४-ब घटनाबाह्य आहे. संघटना करण्याचा हक्क अनुच्छेद १९ देतो. ज्याने मेसेज लिहिला त्याने हा निकाल एकदा वाचावा.

‘संप केला की घरी बसाल.’ यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. संपावरची बंदी त्याच निकालात कायम राहिली, आणि २००३ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा हक्क नाही असं स्पष्ट म्हटलं. पण संघटना म्हणजे फक्त संप, हे कुणी ठरवलं?

आता ज्या वाक्याने माझं डोकं फिरलं ते. ‘वाद घालू नका, साहेब सांगतील तिथे सही करा, जबाबदारी साहेबांची.’

मी लेखा शाखेत नोकरी केली आहे. मार्चअखेर संध्याकाळी ठेकेदाराचं देयक टेबलावर येतं. मोजमाप पुस्तकातला, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीतला, उतारा जोडलेला नसतो, काम पूर्ण झाल्याचा दाखला नसतो. वरून निरोप येतो, “कागद सोमवारी येतील, आज काढून टाक, निधी परत जाईल.” नवीन पोरगं घाबरून आद्याक्षरी करतं. पुढे कधीतरी लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. तोंडी सांगणारे साहेब तोवर बदलून गेलेले असतात, आणि फाइलवर शाई असते ती लेखापालाची. खुलासा त्याने द्यायचा, वसुलीची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर, चौकशी लांबली तर निवृत्तीचे पैसेही अडकतात. जबाबदारी साहेबांची म्हणणारा त्या दिवशी शोधूनही सापडत नाही.

वरिष्ठांचा तोंडी आदेश लेखी मागून घ्यावा, हे राज्याच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतच आहे. पण नव्याने लागलेली मुलगी एकटी उभी राहून “सर, लेखी द्या” म्हणू शकत नाही. संघटनेचं खरं काम इथे आहे. शाखेतल्या सगळ्यांनी अपुऱ्या देयकावर एकाच नमुन्यात टिपणी लिहायची आणि तोंडी आदेश कुणीच घ्यायचा नाही, असं ठरलं की एकीला वेगळं काढता येत नाही. राग म्हणून कुणाची मध्येच बदली झालीच, तर २००५ च्या बदली कायद्यानुसार मुदतपूर्व बदलीची कारणं लेखी नोंदवावी लागतात. ती मागायची, नसतील तर मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जायचं. वकिलाचा खर्च एकट्याला झेपत नाही, वर्गणी त्यासाठीच असते.

‘सेवार्थ आणि बीम्स आल्यावर लेखापाल कशाला?’ या दोन सरकारी संगणक प्रणाली. सेवार्थवर पगार निघतो, बीम्सवर अनुदान वाटलं जातं. रस्ता खरोखर झाला का, हे दोन्हींना कळत नाही. एवढं पुरे.

शेवटचा मुद्दा, ‘एजन्सीची माणसं स्वस्त पडतात.’ ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा मार्ग खुला केला होता. विद्यार्थी, विरोधक, कर्मचारी सगळीकडून ओरड झाली आणि पुढच्याच महिन्यात सरकारने तो रद्द केल्याचं जाहीर केलं. लेखा शाखेत तर हा प्रकार आणखी धोक्याचा. एजन्सीच्या मुलाला सेवेचे नियम लागू नाहीत, मग त्याने काढलेलं देयक चुकलं तर विभागीय चौकशी कुणाची करणार? त्याच्या शेजारी बसलेल्या कायम कर्मचाऱ्याचीच. म्हणून पैशाला हात लागतो ती प्रत्येक जागा आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, नियमित ठेवा आणि रिक्त पदं भरा, ही मागणी संघटनांनी लेखी लावून धरायला हवी, कोकण भवनातही आणि मंत्रालयातही.