'वर्गात बोलत नाही' असा शेरा लिहिण्याआधी

माझा भाचा जूनपासून आमच्याकडे पुण्यात शिकायला आहे. जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातला, सातवीतला. परवा त्याच्या वहीवर शेरा आला, 'वर्गात बोलत नाही. लक्ष द्यावे.' आणि रात्री तो मला म्हणाला, "मामा, मले नाई जायचं शायेत."

त्याच्या त्या 'शायेत'मध्ये मला सगळं कळलं. १९९७ साली वडिलांना पिंपरीत काम लागलं आणि मीही असाच सातवीच्या मध्यात पुण्याच्या वर्गात येऊन बसलो होतो. आमच्या घरी लेवा बोली. तिच्यात 'ळ'चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी. पहिल्याच आठवड्यात मी 'फया' म्हणालो आणि अख्खा वर्ग हसला.

मराठीच्या बाई फार कडक होत्या. त्यांनी कधी हात उगारला नाही. वहीतली प्रत्येक ओळ लाल शाईने तपासायच्या, आणि त्यांनी शिकवलेलं व्याकरण आजही माझ्या उपयोगी पडतं. पण उच्चार चुकला की म्हणायच्या, "परत म्हण." मग पुन्हा, "परत म्हण." पाच-पाच वेळा. आणि दर वेळी मागून हसू. जीभ मागे वळवून टाळूला टेकवायची, एवढं साधं त्या सगळ्यात कुणी सांगितलंच नाही. ते पुढे बाकावरच्या मित्राने मधल्या सुट्टीत तोंड उघडून दाखवलं.

तोवर मी वेगळंच शिकलो होतो. धडा वाचायची पाळी यायच्या आधी पुढचे बाक मोजायचो, माझ्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार ते काढायचो आणि त्यात किती 'ळ' आहेत ते बघायचो. तोवर बाकीचे काय वाचताहेत हे कानावर पडायचंच नाही. शाळेला 'विद्यालय' म्हणायचो, सकाळी म्हणायच्या ऐवजी 'सात वाजता'. शेवटी बोलणंच बंद केलं. मग सगळे म्हणू लागले, मुलगा लाजाळू आहे. गावच्या शाळेत मी पाढे म्हणून घेणारा मॉनिटर होतो!

त्याच वर्षी पुस्तकात बहिणाबाईंची कविता होती. आसोद्याच्या, आमच्या जळगावकडच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि इतरांनी टिपून ठेवलेली गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकात आली. त्यांच्या कवितेत 'मिळते'चं 'मियते' आहे. बाईंनी ती कविता डोळ्यांत पाणी आणून शिकवली. त्या तासाला ज्याला एकाही शब्दाचा अर्थ विचारावा लागला नसता तो मी होतो, आणि माझा हात वर गेला नाही.

बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही मानतो. कडक असण्याबद्दलही माझी तक्रार नाही. चाळीस मुलांसमोर एकाला उभं करून दुरुस्त करणं, हे मला चुकीचं वाटतं. तेच शाळा सुटल्यावर पाच मिनिटं थांबवून सांगितलं असतं तर मी आठवड्यात शिकलो असतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात मुलाला मानसिक त्रास देऊ नये असं स्पष्ट लिहिलंय, आणि मूल भीतीविना मोकळेपणानं बोलेल असं शिकवावं, हेही. आपण मात्र छडी गेली एवढ्यावर समाधान मानतो. शांत वर्ग दिसला की शिस्त आहे म्हणतो. त्या शांततेत कोण घाबरून गप्प आहे, ते कोण बघणार?

काल रात्री भाच्याला मी सहज त्यांच्या बागेचं विचारलं. केळी निसवली का, ठिबक कुठवर आलं, घड कापायला कोण येतं. अर्धा तास बोलत होता पोरगा, हातवारे करून.

शनिवारी पालकसभा आहे. त्याच्या बाईंना मी एवढंच विनवणार आहे, की त्याला एकदा केळीच्या बागेबद्दल बोलू द्या. आणि तो उभा राहायच्या आधी बाकीच्या मुलांना सांगा, कुणी हसायचं नाही.