‘बायकांना स्टेंट मानवत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: बायकांच्या हृदयाच्या नसा बारीक, त्यात स्टेंट (नस उघडी राहावी म्हणून आत बसवलेली जाळीची नळी) टिकत नाही, अँजिओप्लास्टीनंतर (फुग्यानं नस उघडून स्टेंट बसवल्यावर) पुरुषांपेक्षा बायकाच जास्त दगावतात, म्हणून घरातल्या बाईला गोळ्यांवरच ठेवा. हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

‘जास्त दगावतात’ हे वरवरच्या आकड्यांत दिसतं. पण अँजिओप्लास्टीला येणाऱ्या बायका पुरुषांपेक्षा वयानं मोठ्या असतात, त्यांच्यात मधुमेह आणि बीपीही जास्त असतो. अँजिओप्लास्टीच्या 21 वैद्यकीय चाचण्यांमधल्या (क्लिनिकल ट्रायल) सुमारे 33 हजार रुग्णांची पाच वर्षांची माहिती 2020 साली एकत्र तपासली गेली. वय आणि इतर आजार जमेस धरल्यावर मृत्यूतला फरक उरला नाही. त्याच जागी पुन्हा अडथळा होऊन परत अँजिओप्लास्टी लागण्याचा धोका मात्र बायकांत थोडा जास्त राहिला. तो मान्य करायलाच हवा.

नसा सरासरीनं बारीक असतात, हेही खरं. म्हणून स्टेंट वाया जातो, हे खोटं. 26 चाचण्यांमधल्या 11,557 स्त्रियांच्या 2013 च्या विश्लेषणात तीन वर्षांत मृत्यू किंवा हार्ट अटॅकचं प्रमाण साध्या धातूच्या स्टेंटमध्ये 12.8 टक्के होतं, नव्या औषधी स्टेंटमध्ये (औषधाचा लेप असलेल्या) 9.2.

रक्तस्रावाचा धोका बायकांत खरोखर जास्त आहे. त्यावर उपाय आहेत: जांघेऐवजी मनगटातून नळी घालणं, रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा डोस वजन आणि किडनी पाहून ठरवणं. डॉक्टरांना हे आधीच विचारा.

आणि ‘गोळ्यांवर ठेवा’? चालताना छातीत दुखतं, थांबलं की दुखायचं थांबतं, अशा स्थिर दुखण्यात आधी गोळ्या देणं योग्य असू शकतं, पण ते पुरुषांनाही लागू आहे. हार्ट अटॅकमध्ये नस पूर्ण बंद झाली असेल तर ती वेळेत उघडणं हाच बाईसाठीही सर्वांत चांगला उपचार.

मला सर्वांत जास्त राग येतो तो उशिराचा. अमेरिकेतल्या 1999 च्या अभ्यासात पन्नाशीच्या आतल्या बायकांचं हार्ट अटॅकनंतर रुग्णालयातलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या पुरुषांच्या दुपटीहून अधिक होतं. आपल्याकडे छातीत दुखलं, दम लागला, जबडा किंवा पाठ भरून आली, घाम सुटला, तरी ‘पित्त झालंय’ म्हणत बाई स्वयंपाक उरकते आणि घरचेही ते मानतात. अशा वेळी लगेच 108 ला फोन करा आणि पोहोचल्याबरोबर ईसीजी काढायला सांगा.