पेपर पुढे ढकलला, बरं झालं. होस्टेलला पाणी आहे का?

पावसाळ्यात विद्यापीठाकडून आपली अपेक्षा एकच असते, 'उद्याचा पेपर पुढे ढकलला' असं परिपत्रक. ते आदल्या संध्याकाळी आलं तर विद्यापीठ शहाणं. पोरं एसटी स्टँडवर भिजत उभी असताना सकाळी सातला व्हॉट्सॲपवर आलं तर शिव्या, आणि त्या द्यायलाच पाहिजेत. पण पेपर महिन्यानंही घेता येतो. होस्टेलच्या पोरांना पाणी आज लागतं, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

कोल्हापूरकरांनो, ऑगस्ट २०१९ आठवा. पंचगंगेची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, आणि नदी ५५ फुटांच्या वर गेलेली. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. आणि एवढ्या पाण्यात शहराचे नळ कोरडे! बाहेरगावच्या माणसाला हे सांगून पटत नाही. अहो, शहराचं पाणी नदीवरूनच उचलतात ना, मग उपसा केंद्रंच बुडाल्यावर येणार कुठून? बरं, पूर ओसरला की बटण दाबून पाणी येतं असंही नाही. गाळ उपसायचा, मोटारी बाहेर काढून वाळवायच्या, पॅनेल तपासायचं, मग चाचणी. तोवर टँकरमागे कळशा-घागरींची रांग आणि 'माझा नंबर आधी' म्हणून भांडणं.

त्या दिवसांत शिवाजी विद्यापीठ पाणी मागणाऱ्यांत नव्हतं, शहराला पाणी देणाऱ्यांत होतं. ८५३ एकरांचा परिसर, मूळचा उघडा माळ. आपण तिथं फिरायला आणि मोर बघायला जातो, तलाव दिसला की फोटो काढतो आणि पुढं जातो. पण तलाव, विहिरी, शेततळी, शुद्धीकरणाची सोय हे सगळं पूर यायच्या आधी उभं होतं म्हणून जमलं. ऐन महापुरात समिती नेमून तळं खणता येत नाही.

दुसरा मुद्दा पेपर पुढे ढकलण्याच्या एका ओळीच्या आदेशाचा. कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे एकाच विद्यापीठात. जुलैत गगनबावड्यात छत्री उलटी होत असते तेव्हा जत आणि माणमधली माणसं आभाळाकडं डोळे लावून बसलेली असू शकतात. 'सर्व संलग्न महाविद्यालये' या दोन-तीन शब्दांत एवढं हवामान कसं मावणार? तालुक्याप्रमाणं ठरवा, प्राचार्यांना अधिकार द्या. आणि ज्याचा पेपर रस्ता बंद झाल्यामुळं बुडाला, त्याला दाखल्यासाठी तलाठ्याकडं पळवू नका. रस्ता बंद होता हे जिल्हा प्रशासनानंच जाहीर केलेलं असतं की!

सगळ्यात वाईट उपाय म्हणजे 'पाणी नाही, होस्टेल रिकामं करा'. काही ठिकाणी हे सर्रास चालतं. चंदगडची पोरगी एसटी बंद असताना जाणार कुठं? तिथं तिच्या घरच्यांचा फोनही लागत नसतो.

त्यामुळं मे महिन्यातच बघून ठेवा: टाकी भरलेली असेल तर किती दिवस पुरते, वीज गेली तर पंपाला जनरेटर आहे का, डिझेल कुठं ठेवलंय, पिण्याचं आणि वापराचं पाणी वेगळं करता येतं का. ही माहिती कुलगुरूंच्या दालनात मिळायची नाही. पंपावरच्या मामांना विचारा, ते तोंडपाठ सांगतील. आणि आपत्ती व्यवस्थापनाची बैठक लावाल तेव्हा त्यांनाही खुर्ची द्या.