‘स्टेम सेल शुद्ध करून देतात, मग केमो कशाला?’ या मेसेजला उत्तर

सोलापुरात, पूर्व भागातल्या ग्रुपांवर जास्तच, एक मेसेज फिरतोय: ‘ब्लड कॅन्सरवर आता शुद्ध केलेल्या स्टेम सेल मिळतात. केमो नको, जुळणारा दाता नको, साइड इफेक्ट शून्य. दात्याच्या मणक्यातून पेशी काढणं बंद करा, माणूस अधू होतो.’ हे वाचून कुणी केमोची तारीख पुढे ढकलली तर पेशंटच्या जिवावर बेतेल, म्हणून लिहितेय.

आधी ‘शुद्ध’चं बघू. दात्याच्या पेशींत घाण नसते. स्टेम सेल, म्हणजे हाडांच्या मज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी. त्यांच्याबरोबर टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी येतात आणि त्या पेशंटची कातडी, आतडी, यकृत यांच्यावर हल्ला करू शकतात. हाच जीव्हीएचडी, आणि त्यात माणसं दगावतात. पण शरीरात लपून राहिलेला कॅन्सरही याच टी-पेशी मारतात! १९८०च्या दशकात डॉक्टरांनी त्या सरसकट काढून पाहिल्या. जीव्हीएचडी घटला, पण कॅन्सर जास्त जणांत उलटला, काहींत नव्या पेशी रुजल्याच नाहीत. म्हणून आता निवड करतात. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातल्या डॉ. मारी ब्लीकली यांच्या गटाने फक्त ‘नाईव्ह’, म्हणजे अजून कुठल्याही जंतूशी सामना न झालेल्या टी-पेशी वेगळ्या केल्या. त्यांना अँटिबॉडीने लोहकण चिकटवायचे आणि चुंबकाने अडवायचं. जंतूंशी लढलेल्या टी-पेशी मात्र पेशंटला मिळतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या १३८ पेशंटांच्या निष्कर्षांत तीन वर्षांनी दीर्घकालीन जीव्हीएचडी सुमारे ७ टक्के होता. खूप कमी, पण शून्य नाही.

केमो तर लागतेच. या पेशंटांनाही आधी जबर केमो आणि रेडिएशन दिलं होतं. जुनी मज्जा हटवल्याशिवाय नव्या पेशी रुजणार कुठे?

दाताही जुळावाच लागतो. सख्ख्या भावंडाचा एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. हल्ली आई-वडील किंवा मुलांकडून अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण होतं, पण तपासणी चुकत नाही.

राहिला मणका. त्याला कुणी हात लावत नाही. बहुतेक वेळा दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन हातातल्या शिरेतून रक्त मशीनमध्ये फिरवतात, पेशी वेगळ्या करून बाकीचं रक्त परत देतात. त्या दिवसांत अंग, हाडं दुखतात, मग थांबतं. मज्जाच घ्यायची असेल तर ती भूल देऊन कमरेच्या हाडातून घेतात आणि ती पुन्हा भरून येते.

घरात पेशंट असेल तर भावंडांची एचएलए तपासणी कधी करायची, हे डॉक्टरांना पहिल्या काही भेटींतच विचारा. थोडं रक्त किंवा गालाच्या आतला स्वॅब पुरतो.