'करू देणार का?' हा प्रश्नच चुकतो
मुलीने लग्नाआधी 'नोकरी करू देणार का?' हे स्पष्ट विचारावं, असं एका लेखात म्हटलंय. मला हा प्रश्नच खटकला. असं विचारलं की परवानगी देणारा एक आणि मागणारी दुसरी, हे आपणच मान्य करून टाकतो. समोरून 'आमची काही हरकत नाही' येतं आणि विषय तिथेच संपतो.

लग्नासाठी भेटलेल्या मुलाला मी विचारलं होतं, 'मूल तापाने फणफणलं आणि दोघांचीही मीटिंग असेल, तर रजा कोण टाकणार?' तो बराच वेळ हातातली किल्ली फिरवत राहिला. मग म्हणाला, 'खरं सांगू? मी तुलाच गृहीत धरलं होतं.' त्या वाक्यावर आम्ही पुढच्या तीन भेटी बोललो. माझ्या आईवडिलांना पैसे पाठवताना त्याला विचारायचं की नुसतं सांगायचं, हेसुद्धा तेव्हाच निघालं.