शेताच्या कडेचं धान्य चर्चचं नाही, माझीच पोस्ट चुकली

परवा सुगीच्या उपासनेआधी मीच ग्रुपवर टाकलं होतं की बायबलप्रमाणे शेताच्या कडेचं पीक न कापता चर्चसाठी ठेवायचं असतं, आणि ते आता बऱ्याच ठिकाणी फिरतंय. ते चुकीचं आहे, सॉरी. रात्री बायबलमधलं लेवीय पुस्तक, १९:९-१० उघडून बसलो तर स्पष्ट लिहिलंय, कडेपर्यंत कापणी करू नका, सरवा (कापणीत मागे पडलेली कणसं) वेचू नका, तो गरीब आणि परक्यांसाठी राहू द्या. याजकाकडे (पुरोहिताकडे) न्यायची ती पहिल्या पिकाची पेंढी, ती लेवीय २३:१० मध्ये वेगळी सांगितलीय, मी दोन्ही एकत्र केलं. (आठवणीवर विसंबून लिहिलं की असं होतं.) बायबलमधल्या रूथचंच बघा ना, विधवा, त्यात मवाबी म्हणजे परकी, ती बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतात सरवाच वेचत होती, आणि बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसं काढून टाका, तिला वेचू द्या, धमकावू नका. चर्चला द्यायचं ते खुशाल द्या, पण कडेच्या धान्याचं नाव सांगून मागू नका. जुना मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याखाली हा टाका.