रक्त तयार करणारं ‘एकच मास्टर जनुक’ नसतं

‘गर्भात रन्क्स-१ हे मास्टर जनुक चालू झालं की अस्थिमज्जेत रक्त बनू लागतं आणि पुढे जन्मभर तेच सगळं चालवतं,’ असा मजकूर खूप फिरतो आहे. त्यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी अस्थिमज्जा. माणसाच्या गर्भात पहिल्या रक्तपेशी तिसऱ्या आठवड्यात योक सॅकमध्ये, म्हणजे गर्भाला जोडलेल्या एका पिशवीत, तयार होतात. तेव्हा हाडांचा पत्ताही नसतो. मग यकृत हे काम घेतं. अस्थिमज्जेत सुरुवात होते ११व्या आठवड्याच्या सुमारास, आणि तीही थोडीथोडी.

आता ‘एकच जनुक’. उंदरात रन्क्स-१ पूर्ण काढून टाकलं तरी योक सॅकमधल्या पहिल्या लाल पेशी बनतातच. घोडं अडतं ते यकृताच्या टप्प्यावर, आणि १२व्या-१३व्या दिवशी मेंदूत रक्तस्राव होऊन भ्रूण दगावतो. टाल-१ हे दुसरं जनुक काढलं तर मात्र रक्तपेशी मुळीच तयार होत नाहीत. गाटा-१ हे तिसरं जनुक नसेल तर लाल पेशी अर्धवट वाढून मरतात. तीन जनुकं, तीन वेगळ्या जागी बिघाड.

‘जन्मभर तेच’ हा भाग सर्वांत दिशाभूल करणारा. रक्ताच्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे जन्मभर सगळ्या रक्तपेशी बनतात त्या, गर्भाच्या महाधमनीच्या अस्तरातून येतात. अस्तरातली चपटी पेशी गोल होते, सुटते आणि प्रवाहात पडते. या बदलाला रन्क्स-१ लागतंच. उंदराच्या अस्तरपेशींतून ते काढलं तर मूळपेशी बनत नाहीत. बदल पार पडल्यावर काढलं तर त्या बनलेल्या असतात आणि टिकतातही. पुढे या जनुकाचं काम संपत नाही, पण ते वेगळं असतं, उदाहरणार्थ प्लेटलेट बनवणं. माणसात त्याच्या दोनपैकी एकाच प्रतीत जन्मजात दोष असला तरी प्लेटलेट कमी पडू शकतात आणि ल्युकेमियाचा (रक्ताच्या कर्करोगाचा) धोका वाढतो. म्हणजे प्रश्न नुसत्या चालू-बंदचा नाही, मात्रेचाही आहे.

वेळेचं महत्त्व डाऊन सिंड्रोममध्ये ठळक दिसतं. काही बाळांच्या यकृतात गर्भावस्थेतच गाटा-१ मध्ये बदल होतो, त्याचं आखूड प्रथिन बनतं आणि जन्मतः रक्तात ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व रक्तपेशी, दिसतात. बहुतेकांत त्या पहिल्या काही महिन्यांत आपोआप जातात, बहुधा त्यांना वाढवणारी गर्भावस्थेतली परिस्थितीच संपते म्हणून. पण काहींना चार वर्षांच्या आत ल्युकेमिया होतो. म्हणून ब्लास्ट गेल्यावरही या मुलांच्या रक्ततपासण्या थांबवायच्या नसतात.